वाटेत कुठंतरी म्हणजे नेमकं कुठं?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आपल्या सहलीचं बोलताना तू म्हणालास, "बाबा, वाटेत कुठंतरी थांबू, त्यात काय एवढं?" मी "बरं" म्हटलं आणि फोन आईच्या हातात दिला. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते "कुठंतरी" डोक्यात घोळत राहिलं. म्हणून हे पत्र. फोनवर तू मधेच तोडतोस, आणि काही गोष्टी तोंडाने सांगायला मला अवघडही वाटतं.

पहिल्या शहरातले तीन दिवस आणि दुसऱ्यातले चार तुम्ही दोघांनी छान आखले आहेत, त्यात मी नाक खुपसणार नाही. मला बोलायचंय ते मधल्या 620 किलोमीटरबद्दल. तुझा नकाशा म्हणतो 11 तास. नकाशातल्या गाडीत माणसं नसतात. आपल्या गाडीत सहा आहेत, त्यातली दोन दहा वर्षांच्या आतली आणि दोन सत्तरीच्या आसपासची. दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं धर, जेवणाचा एक तास धर, पेट्रोल धर, धाकटीची एखादी उलटी धर. सगळं धरून 13-14 तास होतात. सकाळी सहाला निघायचं म्हणजे तू पाचला उठणार, आणि आदल्या रात्री सामान भरता भरता बारा वाजलेले असणार. मुक्कामाला पोचून सामान वर नेईपर्यंत तुझे 16 तास जागेपणी गेलेले असतील.

1997 साली दोन संशोधकांनी मोजून दाखवलं होतं, की सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच चुकतो. कितीतरी देशांत तेवढ्या दारूवर गाडी चालवणं गुन्हा आहे. तू दारूच्या थेंबालाही शिवत नाहीस याचा मला अभिमान आहे. पण झोपेचं खातं वेगळं.

आता जे सांगतो ते आईला सांगू नकोस.

तू सहा वर्षांचा असताना आपण असाच लांबचा पल्ला एका दिवसात मारला होता. "मधे कशाला मुक्काम, एका दमात जाऊ" हे माझंच वाक्य. जेवून निघालो होतो, दुपारचे तीन वाजले असतील. रस्ता सरळ आणि मोकळा. आई पेंगत होती, तू मागे आडवा झोपला होतास, तेव्हा मागच्या सीटला कोण पट्टे बांधायचं! एकाएकी चाकाखाली खडी वाजली आणि मी डोळे उघडले. म्हणजे ते मिटलेले होते. गाडी डांबर सोडून कडेला उतरली होती. सरळ केली, पुढे जाऊन थांबवली, आणि आईला म्हटलं, "टायर बघतो जरा." टायरला काहीही झालेलं नव्हतं. मी गाडीमागे उभा राहून हाताची थरथर थांबायची वाट बघत होतो.

पुढे हिशेब केला. ताशी 100 किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात 28 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटरहून जास्त अंतर, डोळे मिटून. आणि ते रात्री नाही, भर दुपारी घडलं. पहाटे दोन ते सहा ही वेळ वाईट असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दुपारी दोन ते चारच्या सुमारासही शरीराचं घड्याळ एक गचका खातं. काच खाली केली, गाणी मोठ्याने लावली, की पाच मिनिटं बरं वाटतं, झोप काही जात नाही. ती घालवायला झोपच लागते, वीसेक मिनिटांची. कॉफी घ्यायचीच तर घेऊन मग डोळे मीट. कॉफीला अंगात भिनायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकी झालेली असते.

युरोपात मोठ्या बस-ट्रकच्या चालकांना साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, तसा कायदा आहे. पगारी माणसाला कायदा तरी थांबवतो. सुट्टीवर निघालेल्या बापाला कोण थांबवणार? म्हणून आजोबा पत्र लिहितात.

तेव्हा मधे एक रात्र मुक्काम, हे पक्कं. आता कुठं ते बघू.

बरोबर मध्यावर टाचणी टोचू नकोस. किलोमीटर विसर, तास मोज, आणि थांबे धरूनचे तास मोज. पहिला टप्पा थोडा मोठा, दुसरा थोडा लहान. कारण दुसऱ्या दिवशी शेवटचा तास अनोळखी शहराच्या गर्दीत, वळणं चुकत जाणार आहे, आणि तो तास दोन तासांइतका दमवतो. पण पहिला टप्पा मोठा म्हणून आठ तासांचाही नको. घरातून सहाला निघणारं कुटुंब साडेसातच्या आत रस्त्याला लागलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आपलं तर नाहीच. आणि आपण तर पहिल्या शहरातल्या हॉटेलातून निघणार, म्हणजे नाश्ता, बिल, आणि "माझा चार्जर राहिला". माझ्या हिशेबाने थांबे धरून सात तास. साडेसातला निघालो तरी अडीच-तीनला पोचू. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोनच्या आसपास मिळते. त्याआधी पोचलो तर सामानासकट लॉबीत बसायचं, आणि तुझी धाकटी लॉबीत बसणाऱ्यातली नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नसेल. आपण पश्चिमेला चाललोय. दुपार उतरली की सूर्य नेमका समोरच्या काचेत येतो, आणि शेवटचे दोन तास तू डोळ्यांवर हात धरून गाडी चालवत असतोस. तीनपर्यंत थांबलो तर ते टळतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पाठीमागून येतं. पूर्वेला जायचं असतं तर मी उलटं सांगितलं असतं.

जागा हमरस्त्यापासून दहा मिनिटांच्या आत असावी. पण अगदी रस्त्याला चिकटून नको, रात्रभर ट्रकचे हॉर्न ऐकावे लागतात. सूनबाईंनी चाळीस किलोमीटर आतलं एक सुंदर ठिकाण पाठवलं होतं. फोटो फार छान आहेत. पण जाऊन-येऊन 80 किलोमीटर वाट वाकडी करायची आणि तिथे रात्री आठ ते सकाळी सात झोपायचं, त्यापेक्षा तिथे कधीतरी दोन रात्रींसाठीच जाऊ. त्यांना माझं नाव सांगू नकोस, नाहीतर सांगच, मी ऐकून घेईन.

सूनबाईंनी पाठवलेल्यात मुक्कामाच्या गावची तीन प्रेक्षणीय स्थळंही होती. तिन्ही खोडायची. अगदीच हवं तर एक ठेव, पंधरा मिनिटांवरचं, आणि तेही न बघता निघालो तर कुणी हळहळणार नाही असं. मधला मुक्काम मोकळा ठेवावा. मुलं सात तास पट्ट्यात अडकलेली असतात, त्यांना किल्ला बघायचा नसतो, धावायचं असतं. गवताचा एक तुकडा असला की काम झालं. तू सहा वर्षांचा असतानाच्या त्या सहलीतलं तुला काय आठवतं ते मी मागे एकदा विचारलं होतं. ज्या देखाव्यासाठी आपण एवढे गेलो तो तुला आठवतच नव्हता. येताना आपण जिथे थांबलो, तिथल्या जिन्याच्या लाकडी कठड्यावरून तू बाविसाव्यांदा घसरलास आणि चड्डी फाटली, ते मात्र पायरीसकट आठवत होतं.

धाकटीच्या उलट्यांबद्दल. ती मान खाली घालून टॅबलेट बघत असते, म्हणजे डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय. दोघांचं जमत नाही आणि भोग आपल्या सीटला. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो, ती मोठी होईल तसा जाईल. तोवर टॅबलेट फक्त गाडी उभी असताना. तिला मागच्या सीटवर मधोमध, तिच्या खुर्चीत बसव, समोरच्या काचेतून दूरचं दिसेल असं. पोट रिकामंही नको आणि गच्चही नको.

आता अवघड भाग. तुला वाटतं आम्ही दोघं प्रवासात अजिबात त्रास देत नाही. मागच्या वेळी तू सगळ्यांना कौतुकाने सांगत होतास, "बाबांना पाच तास काही लागलं नाही." बाबांना लागलं होतं. बीपीच्या नव्या गोळीने मला लघवीला वारंवार जावं लागतं, म्हणून प्रवासाच्या दिवशी मी सकाळपासून पाणीच पीत नाही. तुझ्या आईला कळलं तेव्हा तिने मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. तिचंही तसंच, तिचे पाय सुजतात आणि ती चपला सैल करून गप्प बसते. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये म्हटलं होतं. मुळात तो धोका फार थोडा, सहा हजारांत एखाद्याला, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण दर दोन तासांनी गाडी थांबव, आणि थांबवताना "कुणाला जायचंय का?" असं विचारू नकोस. विचारलंस की आम्ही दोघंही नाही म्हणू. तू नुसता थांब आणि स्वतः उतर.

खोलीचं बुकिंग करताना फोटोंवर जाऊ नकोस, फोन कर. लिफ्ट आहे का, नसेल तर तळमजल्यावर खोली मिळेल का, बाथरूममध्ये कमोड आहे का, गाडी आवारात लावता येते का, सकाळी सहाला गरम पाणी येतं का, दोन खोल्या शेजारी-शेजारी देतील का. आणि रद्द करायचं झालं तर पैसे परत मिळायची शेवटची तारीख कोणती. एकदा मी यातलं काहीच न विचारता रात्री दहाला एका ठिकाणी पोचलो होतो. बुकिंग त्यांच्या वहीत सापडलं नाही, आणि तुला खांद्यावर घेऊन मी आणखी दीड तास खोली शोधत हिंडलो. तेव्हापासून निघायच्या सकाळी एक फोन करतोच.

आमच्या खोलीत रात्री बारीक दिवा असेल एवढं बघ. नव्या जागी अंधारात बाथरूमचं दार शोधताना आमच्या वयाची माणसं पडतात. शिवाय मला पहिल्या रात्री झोप लागत नाही, आणि हा माझा हेकटपणा नाही म्हणे. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना 2016 मध्ये आढळलं, की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापेक्षा सावध झोपतो, चाहूल घेत. तुझाही घेणारच. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचा बेत करू नकोस. पोटभर नाश्ता करून नऊला निघू, आणि पहिले दोन तास गाडी सूनबाई चालवतील. त्या तुझ्यापेक्षा बरी चालवतात, हे मी मागच्या सीटवरून बघितलेलं आहे.

सामानाचं एकच सांगतो. मुक्कामाची पिशवी वेगळी भर. सगळ्यांचा एकेक कपड्याचा जोड, दात घासायचं, चार्जर, धाकटीचं पांघरूण. ती डिकीत सगळ्यात शेवटी ठेवायची म्हणजे सगळ्यात आधी निघते. औषधं मात्र त्यात नकोत, ती आईच्या पर्समध्ये.

थोरल्याला एक काम देता आलं तर दे. कागदाचा नकाशा, एक पेन्सिल, आणि प्रत्येक थांब्यावर वेळ लिहायची. "अजून किती राहिलं?" हे तो विचारायचा थांबेल, कारण ते सगळ्यांना त्यालाच विचारावं लागेल.

खोली ठरली की मजला कळव.

तुझे
बाबा

ता. क. माझी उशी मी घरूनच आणणार आहे. गाडीत जागा नाही असं म्हणू नकोस, मी ती मांडीवर घेऊन बसेन.