स्टेशनावरच्या बाजाराआधी गच्चीचे सांधे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमृत भारत स्थानक योजनेत गरजेनुसार ‘रूफ प्लाझा’ची, म्हणजे रुळांवर छत टाकून त्यावर सोयी उभारण्याची तरतूद आहे. उद्या भुसावळ-जळगावला स्टेशनावर बाजार बांधायचा विचार झाला, तर आधी आपल्या जुन्या व्यापारी संकुलांच्या गच्चीवर एकदा चढावे. तिथली हट्टी गळती बहुधा एक्स्पान्शन जॉइंटलाच, म्हणजे स्लॅबला लांबायला-आखडायला सोडलेल्या सांध्यालाच सापडते.

इमारत 45 मीटरपेक्षा लांब असेल तर असा सांधा ठेवावा, असे काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक आयएस 456 सांगते. खान्देशात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, डिसेंबरच्या पहाटे 10 च्या आसपास उतरतो. यातला 30 अंशांचाच फरक धरला, तरी 40 मीटरचा स्लॅब सुमारे 12 मिलिमीटर लांबतो-आखडतो. सांधा 25 मिलिमीटरचा धरला, तर उन्हाळ्यात तो 19 वर येतो आणि थंडीत 31 पर्यंत उघडतो. त्यात भरलेले पॉलिसल्फाइड हे रबरासारखे भरण सोसते साधारण 25 टक्के ताण.

खरी चूक इथेच होते. पावसाळा तोंडावर आला की भर मेमध्ये, सांधा सर्वांत आवळलेला असताना तो भरला जातो. थंडीत तो दीडपटीहून जास्त रुंदावतो, भरण कडेने सुटते आणि पुढच्या जूनमध्ये खालच्या गाळ्यात पुन्हा बादल्या लागतात. ठेकेदार बदलून, महागडा माल आणून यात फरक पडत नाही. हे काम दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत, सकाळी नऊ-दहाला करावे. मधल्या मापावर भरलेला सांधा दोन्हीकडे फक्त 6 मिलिमीटर हलतो, तेवढे भरणाला झेपते.

जुने भरण पूर्ण खरवडावे, तारेच्या ब्रशने कडा घासून कोरड्या कराव्यात, प्रायमर लावावा. मग 30 मिलिमीटर जाडीचा फोमचा बॅकर रॉड दाबून बसवावा आणि वर जेमतेम 12 मिलिमीटर भरण द्यावे. रॉड वगळला की भरण तळालाही चिकटते आणि फाटते. सांध्यावरून सलग फरशी तर कधीच टाकू नये.

गाळ्यांमध्ये जुन्या फरशीवरच नवी बसवतात, तेही थांबायला हवे. 50 मिलिमीटरचा एक थर चौरस मीटरला 100 किलोहून अधिक वजन वाढवतो. दुकानांचे मजले साधारण चौरस मीटरला 400 किलोच्या भारासाठी आखलेले असतात.

रुळांवरच्या छतात हीच गळती जिवावर बेतू शकते, कारण खाली 25 हजार व्होल्टची तार असते. दुरुस्तीसाठी तिचा वीजपुरवठा बंद करून गाड्या थांबवाव्या लागतात, त्यामुळे काम लांबत जाते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्थानकावर 1960 च्या दशकात काँक्रीटचे छत टाकून बाजार उभारला गेला. खालचे फलाट अंधारे आणि कोंदट झाले. शेवटी मध्यभाग फोडून उजेड आणावा लागला. ते काम 2015 मध्ये पुरे झाले.

महापालिका हद्दीतील 30 वर्षांवरील इमारतींना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ नुसार संरचना तपासणी बंधनकारक आहे. पालिकेच्या स्वतःच्या संकुलांचे अहवाल तरी दर्शनी भागात लावावेत. आणि स्टेशनावर छत येणारच असेल, तर त्याचा सांधा रुळांवर न ठेवता फलाटावर घ्यावा, त्याखाली स्टेनलेस स्टीलची पन्हळ द्यावी आणि गाडी न थांबवता माणूस तिथे पोचेल अशी वाट नकाशातच दाखवावी.

आपले,
स्थापत्य क्षेत्रातील काही अभियंते, जळगाव