पाखऱ्याला निरोप देताना धावून आलेल्यांचे आभार

आमचा घोडा पाखऱ्या गेला. अलिबाग, नागाव, रेवदंड्याच्या पुळणीवर ओहोटीला घोडागाडीच्या शर्यती लागतात, तिथे तो अकरा वर्षं धावला.

त्या रात्री तो सारखा लोळत होता, घामाने निथळत होता. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात तुंबलेलं वर यायला वाटच नसते. भर पावसात डॉक्टर मोटारसायकलवरून आले. नाकातून नळी घातली, पहाटेपर्यंत दर थोड्या वेळाने नाडी पाहत राहिले. निरोगी घोड्याची मिनिटाला चाळिसाच्या आसपास असते, त्याची नव्वदच्या खाली येईना. आतड्याला पीळ पडला होता. शेवटचं इंजेक्शन भरण्याआधी त्यांनी मला विचारलं, "याला काय आवडतं?" गूळ, म्हटलं. "मग द्या की. आता कसलं पथ्य!" त्याने खाल्ला नाही, नुसता माझा तळहात चाटला. तेवढा वेळ डॉक्टर सिरिंज पाठीमागे धरून उभे होते.

शेजारच्या कोळीवाड्यातल्या दोघा भावांनी होडीची ताडपत्री सोडून आणली, रात्रभर आमच्यावर धरली. जेसीबीवाल्या दादांनी वाडीत खोल खड्डा काढला, पण मातीचा शेवटचा थर यंत्राने लोटला नाही. चपला काढून खाली उतरले आणि फावड्याने हलकेच माती सारली. पैसे तर घेतलेच नाहीत.

डॉक्टर, दादा, भावांनो, मनापासून आभार. तुमची नावं विचारायचंही मला सुचलं नाही. ताडपत्री धुऊन वाळवून ठेवली आहे. न्यायला याल तेव्हा चहा घेऊनच जा.