सासूसमोर सून काय सांगणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ठिकठिकाणी व्याख्यानं होतात आणि ‘मन मोकळं करा’ असं सांगितलं जातं. पण कुणासमोर मोकळं करायचं, हे आमच्या सीमाभागात अवघड होऊन बसतं. खानापूर तालुक्यात माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरच्या आतून जे दिसतं, तेवढंच लिहितो.

चिठ्ठी नवऱ्याच्या हातात असते आणि बायको पायरीवर उभी असते. डॉक्टर कानडी बोलणारे, आणि जंगलपट्ट्यातल्या बाईचं कानडी ‘एष्टु’ (किती) आणि ‘बेडा’ (नको) यांच्या पुढं जात नाही. मग तिच्या वतीनं नवरा नाहीतर सासू बोलते. ‘झोपत नाही, जेवत नाही, कामात लक्ष नाही.’ ही घरच्यांची तक्रार झाली. तिला काय होतंय ते डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. त्रास घरातूनच असेल, तर तो सासूच्या तोंडून कसा पोचणार? बाहेर दहा पेशंट ताटकळत असताना डॉक्टर तरी किती खोदून विचारतील! नवरा सुट्टे पैसे आणायला गेला की हीच बाई हळूच पुढं येऊन विचारते, ‘या गोळ्या कशाच्या हो, दादा?’

इथंवर पोचेपर्यंतही बराच फेरा झालेला असतो. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी, हातापायाला मुंग्या येतात म्हणून रक्त तपासणी, अशक्तपणा म्हणून सलाईन. सगळं नॉर्मल आलं की ‘बाहेरचं’ असणार म्हणून देवर्षी, उतारा, गाऱ्हाणं. नरसोबाच्या वाडीला जायला माझी हरकत नाही, मीही जातो. गोळ्या बंद करून जाऊ नये, एवढंच म्हणणं.

गोळ्या बंद करण्याची घाई फार. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळतं, त्यामुळं आठव्या दिवशीच ‘उष्ण पडल्या’ म्हणून पाकीट फळीवर जातं. ज्यांना बरं वाटतं तेही लगेच सोडतात; खरं तर बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने त्या चालू ठेवायच्या असतात, आणि डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायच्या असतात. उलट झोपेची गोळी मात्र चिठ्ठीशिवाय मागायला येतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या देताना रजिस्टरात पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं. पेन उघडलं की समोरचा बिचकतो, ‘नाव कशाला?’ ते रजिस्टर सरकारी तपासणीसाठी असतं, गावाला दाखवायला नव्हे, हे किती वेळा सांगायचं! पण घरात लग्नाची मुलगी असली की कुणाला पटत नाही.

आता मागणीचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २२ व्या कलमानं रुग्णाला त्याच्या आजाराची आणि उपचारांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क दिलेला आहे. यात सीमावाद आणू नये, ही माझी दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना विनंती. कानडी पेशंट मिरज-कोल्हापूरला गेला तर त्यालाही हाच कायदा लागू आहे. कर्नाटक सरकारच्या ‘मनोचैतन्य’ योजनेत मानसोपचार तज्ज्ञ मंगळवारी तालुका दवाखान्यात येतात. कोणता मंगळवार, हे ग्रामपंचायतीच्या आणि रेशन दुकानाच्या फलकावर मराठीतही लागलं, तर आमच्या लोकांची धारवाडच्या मनोरुग्णालयाची खेप वाचेल. (धारवाडचं नाव काढलं की अजून चेष्टा होते, म्हणून कित्येक जण जातच नाहीत.) फोनवर बोलायचं असेल, तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस फुकट आहे, भाषा निवडता येते.

आणि तपासणीच्या वेळी नातेवाईकांना दहा मिनिटं बाहेर बसवावं. दुभाषी म्हणून दोन्ही भाषा येणारी नर्स घ्यावी, नाहीतर आशा कार्यकर्ती. आशा शेजारच्या गावची असली तर आणखी बरं. आपल्या गावातली म्हटलं, की ती सासूची मैत्रीण निघायची.

आपला,
एक औषध विक्रेता, ता. खानापूर, जि. बेळगाव