‘भाड्यात हप्ता फिटेल’ हे गणित आधी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केळीचे किंवा कापसाचे पैसे हाती आले, अथवा घरातले कोणी निवृत्त होऊन फंडाची रक्कम मिळाली, की आपल्या खानदेशात पूर्वी शेत नाहीतर सोने घेतले जाई. आता जळगाव, धुळे किंवा भुसावळला एखादा फ्लॅट घेऊन तो भाड्याने द्यावा, हा विचार आधी होतो. या विचारात गैर काही नाही. मीही तेच केले. मात्र व्यवहार ठरवताना ‘भाड्यातच हप्ता फिटून जाईल’ हे जे वाक्य हमखास ऐकवले जाते, त्यावर विसंबून कोणी इसार देऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

समजा, ३० लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरून तो ३२ लाखांच्या पुढे जातो. त्यासाठी २४ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता २०,८०० रुपयांच्या आसपास बसतो. अशा फ्लॅटला नऊ हजार भाडे आले, तरी जवळपास बारा हजार रुपये दरमहा खिशातून घालावे लागतात. कर्ज न काढता घेतला म्हणावे, तर वर्षात एक महिना घर रिकामे राहणार हे गृहीत धरून ९९,००० रुपये येतात. त्यातून घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, रंग आणि नळ-मोटारीची दुरुस्ती असे २५,००० वजा केले, की हाती ७४,००० उरतात, म्हणजे शेकडा सव्वादोन. बँकेतली मुदत ठेव याहून अधिक देते. पुढे जागेची किंमत वाढेल, कदाचित चांगली वाढेलही. पण तो पैसा विकल्यावरच दिसतो, त्यातून दरमहाचा हप्ता भरता येत नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचे तर आणखी वेगळे: भाडे सुरू होण्याच्या कितीतरी आधी हप्ता सुरू होतो आणि वर जीएसटी लागतो, जो पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला लागत नाही.

माझी पहिली चूक मात्र या हिशेबातली नव्हती. २०१७ साली निवृत्तीच्या पैशांतून मी पिंप्राळा भागात सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, कारण तो खालच्यांपेक्षा स्वस्त पडत होता. पहिले भाडेकरू कुटुंब ‘घर सोडतो’ असे एप्रिलअखेरीस म्हणाले, तेव्हा मला राग आला. मे महिन्यात एका दुपारी वर जाऊन पाहिले, तर त्या बाईंनी खिडकीला ओली पोती बांधली होती, कुलर चालू असूनही भिंतीला हात लावून ठेवता येत नव्हता आणि नळाचे पाणी चहाला ठेवल्यासारखे तापलेले होते. ४५ अंशांच्या गावात गच्चीखालचे घर कोण वर्षभर भाड्याने घेईल, हा साधा प्रश्न मी खरेदीआधी स्वतःला विचारला नव्हता. गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून घेतल्यावर फरक पडला, पण तोवर तीन महिने घर रिकामे राहिले होते. म्हणून नवख्या माणसाला माझे सांगणे आहे की घर बघायला सकाळी जाऊ नका, उन्हाळ्यात भर दुपारी जा, आणि पाणी किती दिवसांआड येते, टाकी केवढी आहे, हे शेजाऱ्यांना विचारा.

दुसरी चूक अधिक महाग पडली. त्यानंतरच्या भाडेकरूशी मी नोटरी केलेल्या कागदावर ११ महिन्यांचा करार केला. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की शिकलेली माणसेही तो बोलून दाखवतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय करार नोंदवलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. माझा भाडेकरू मुदत संपल्यावर सात महिने हलला नाही. अखेर तो गेला तेव्हा दाराच्या जाळीत विजेची न भरलेली बिले खोचलेली होती. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते घर वापरू देण्याचा करार, असता, तर मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागण्याचा मार्ग मला खुला होता. या नोंदणीचा सरकारी खर्च माझ्यासारख्या घराला दीड-दोन हजारांच्या घरात येतो आणि ती आता घरबसल्या ऑनलाइनही होते.

भाडेकरू निवडताना नोकरी कुठे आहे हे विचारावे, आधीच्या घरमालकाला फोन करावा. जात विचारू नये. जात विचारून नर्स मुलींना आणि विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना परत पाठवणारे घरमालक मी पाहतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. आयकराचे म्हणाल, तर घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे भाडे लपवण्याचे काही कारण नाही.

ज्यांचे स्वतःचे घर गावात आहे, त्यांनी फ्लॅटच्या मागे लागण्याआधी महापालिकेची रीतसर परवानगी घेऊन वर दोन खोल्या बांधता येतात का, हे जरूर पाहावे. जागेचा पैसा वाचतो, भाडेकरू नजरेसमोर राहतो आणि घरमालकी कशी निभवायची, हे कमी पैशांत शिकता येते.

आपल्या दैनिकात घरविक्रीच्या जाहिराती दर आठवड्याला येतात. त्यांच्याच शेजारी जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार येथील भागांमध्ये सध्या प्रत्यक्ष किती भाडे मिळते, हे महिन्यातून एकदा छापता आले, तर इसार देण्यापूर्वी निदान एक आकडा पडताळून पाहण्याची सोय वाचकाला होईल. ही विनंती आपण विचारात घ्यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जळगाव