तियाम यांच्या चौकटीत १९९५ राहून गेले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयव्हरी कोस्ट या पश्चिम आफ्रिकी देशाचे नेते तिजान तियाम यांच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘निवडणुकीतून बाद झालेला बँकर’ एवढ्यावरच तो आटोपला, याची रुखरुख लागली. माझी सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. त्यामुळे असेल, पण मला या गृहस्थांची मधली पाच-सहा वर्षे जास्त मोलाची वाटतात.

पॅरिसच्या एकोल पोलिटेक्निक या नामांकित अभियांत्रिकी संस्थेची प्रवेश परीक्षा पास होणारे ते पहिले आयव्हरियन. नंतर मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत उत्तम चालले होते. तरी १९९४ मध्ये ते मायदेशी, आबिजान शहरात परतले आणि ‘बीएनईटीडी’ या सरकारी संस्थेचे प्रमुख झाले. मोठ्या सरकारी कामांची आखणी आणि देखरेख ही संस्था करते. आझितोचे गॅसवर चालणारे वीजकेंद्र खासगी भांडवलातून उभे राहिले, ते याच काळात. १९९८ मध्ये तियाम नियोजनमंत्री झाले आणि २४ डिसेंबर १९९९ रोजी लष्कराने सरकारच उलथवले. आबिजानच्या एब्रिए खाजणावरचा तिसरा पूल या बंडात अडकला, तो वाहतुकीला खुला झाला थेट डिसेंबर २०१४ मध्ये! एवढी वर्षे पडून राहिलेल्या कामाची फाईल पुन्हा उघडणे काय असते, ते आमच्या खात्यातल्यांना विचारा.

त्या पुलाचे उद्घाटन राष्ट्राध्यक्ष ओतारा यांनी केले आणि नाव दिले माजी राष्ट्राध्यक्ष बेदिए यांचे. आपल्या लेखात नसलेली गोष्ट इथेच आहे. १९९५ च्या निवडणुकीआधी बेदिए सरकारने कायदा केला, की उमेदवाराचे आई-वडील दोघेही जन्माने आयव्हरियन हवेत. रोख उघडउघड तेव्हाचे प्रतिस्पर्धी ओतारा यांच्यावर होता. त्या सरकारात तियाम पुढे मंत्री झाले आणि २०२३ मध्ये बेदिएंच्याच ‘पीडीसीआय’ पक्षाचे अध्यक्षही. एप्रिल २०२५ मध्ये आबिजानच्या न्यायालयाने त्यांचे नाव मतदार यादीतून काढले. कारण, १९८७ मध्ये फ्रेंच नागरिकत्व घेतल्यामुळे आयव्हरियन नागरिकत्व आपोआप गेले. फ्रेंच नागरिकत्व त्यांनी महिनाभर आधी सोडलेही होते, पण उपयोग झाला नाही. नियम १९६१ चा, म्हणजे ओतारांनी घडवलेला नव्हे, हे मान्य. पण तो इतक्या काटेकोरपणे याच वेळी कसा आठवला? हाच न्याय लावायचा तर अंतिम सामन्यात नायजेरियाला हरवून जिंकलेला फुटबॉलचा आफ्रिका चषक त्यांना द्यावा लागेल, कारण आपला निम्मा संघ आयव्हरियन ठरणार नाही, असा टोला तियाम यांनी हाणला होता. मला तो रास्त वाटला.

बाकी प्रुडेन्शियल ही ब्रिटिश विमा कंपनी, क्रेडिट स्विस ही स्विस बँक वगैरे ठिकाणचे त्यांचे प्रमुखपद आपण सविस्तर दिलेच आहे. २०२० मध्ये क्रेडिट स्विसमधल्या सहकाऱ्यांवरच्या पाळतीचे प्रकरण त्यांना भोवले. आपल्याला काही माहीत नव्हते, असे ते म्हणाले, पण खुर्ची गेलीच. ही बाजूही लेखात एका ओळीत उरकायला नको होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओतारा चौथ्यांदा निवडून आले. तियाम यांच्यावर पुन्हा लिहाल तेव्हा सनावळीच्या चौकटीत १९९५ साल जरूर घाला, आणि जमल्यास त्या पुलाचा फोटोही छापा.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता