ईयोबाचा शेवटचा अध्याय आणि आईचं ‘तीन’

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम. हे फोनवर बोलणं जमणार नाही म्हणून लिहितेय, फोनवर बाबा दोनदा ‘हं, हं’ करून फोन आईकडे देतात आणि आई ‘झोप होते का नीट’ विचारते की विषय संपलाच. पत्र लांबलंय. बाबा, ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर ताण देऊ नका, आई तूच वाचून दाखव.

गेल्या आठवड्यात माझ्या एका मैत्रिणीचं बाळ गेलं, चार महिन्यांचं. मंडळीतले आम्ही सातआठ जण भेटायला गेलो होतो, आणि सगळं ठीक चाललं होतं, म्हणजे कोणी काही बोलत नव्हतं, तेवढ्यात एका काकूंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, बायबलमधल्या ईयोबाला बघ, मुलं, जनावरं सगळं गेलं त्याचं, पण देवाने त्याला सगळं दुप्पट करून दिलं, तुलाही देईल. काकू मनाने वाईट नाहीत, त्यांना दुसरं काही सुचलं नसेल. मैत्रीण नुसती मान हलवत राहिली, आणि मला एकदम आपलं घर आठवलं, दादा गेला त्यानंतरचं. मी सहा वर्षांची असेन. बाबा रोज रात्री कुटुंबप्रार्थनेला एक अध्याय वाचायचे आणि तेव्हा ईयोबाचं पुस्तक चालू होतं. शेवटचा अध्याय आला आणि आई मधूनच उठून आत गेली. प्रार्थनेतून तू उठलीस ते मला तेवढं एकदाच आठवतं. मी मागोमाग आले तर तू घडी केलेले कपडे उलगडून परत घड्या घालत होतीस, दादाचा निळा शर्टही त्यातच होता. बाहेरून बाबांचा ‘आमेन’ ऐकू आला, तूही हळूच आमेन म्हणालीस आणि हात चालूच ठेवलेस.

तर त्या दिवशी मैत्रिणीकडून आल्यावर मी शास्त्र उघडून चक्क हिशोब मांडला. पहिल्या अध्यायात ईयोबाची मेंढरं ७०००, शेवटी १४,०००. उंट ३००० चे ६०००. बैलांच्या जोड्या ५०० च्या १०००, गाढवीही ५०० च्या १०००. आणि मुलं? आधी सात मुलगे तीन मुली, शेवटी परत सात मुलगे तीन मुली. दुप्पट नाहीच! एवढी वर्षं ‘दुप्पट दुप्पट’ ऐकतेय आणि हे मला कधी दिसलंच नाही, कदाचित तुला त्याच रात्री दिसलं असेल.

पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, अगं, जनावरं मेली की गेली पण मुलं देवाजवळ असतात, पहिली दहा आणि नंतरची दहा, वीस झाली ना, म्हणजे दुप्पटच. खरं सांगू, मला ते जरा वकिली वाटलं, अजूनही वाटतं, कारण त्या अध्यायात असं काही म्हटलेलं नाही. पण मग घरी येताना आठवलं की आईला कोणीही विचारलं ‘मुलं किती’ की ती ‘तीन’ म्हणते. समोरचा माणूस माझ्याकडे बघतो, धाकट्याकडे बघतो आणि मग उगीच दाराकडे बघतो. धाकट्याला लहानपणी वाटायचं आईचं गणित कच्चं आहे. तो झाला तेव्हाही लोक म्हणाले होतेच, देवाने परत दिला. आई तू त्यांना काही बोलली नाहीस, फक्त कोणी विचारलं की तीन.

आणखी एक गोष्ट, आई, खास तुझ्यासाठी. ईयोबाच्या बायकोला आपण किती नावं ठेवतो ना, ‘देवाला शाप दे आणि मर’ म्हणणारी. दहा मुलं तिचीही गेली होती की! आपल्या बायबलमध्ये तिच्या वाट्याला तेवढंच एक वाक्य, त्यावर नवरा म्हणतो मूर्ख बाईसारखी बोलू नकोस, आणि शेवटच्या अध्यायात तर तिचा उल्लेखसुद्धा नाही. भाऊबहिणी येतात, ओळखीपाळखीचे येतात, पैसे आणि सोन्याची कडी देतात, नव्या तीन मुलींची नावंही लिहिलीत, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. बाई कुठेच नाही. पण जुन्या कराराचं जे प्राचीन ग्रीक भाषांतर आहे, सेप्टुअजिंट म्हणतात ते, त्यात तिचं बोलणं बरंच मोठं आहे, तिथे ती म्हणते की ज्या मुलांसाठी कळा सोसल्या ते सगळं फुकट गेलं. ते वाचल्यापासून मला तिचा राग येत नाही. हिब्रूत ते नाही, म्हणून आपल्यात आलं नाही, पण कधीतरी कुणालातरी वाटलंच ना की हिला बोलू दिलं पाहिजे.

आणि ईयोबाचं सांत्वन करायला आलेले ते मित्र. सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर किती चांगले होते! तोंड उघडलं आणि बिघडलं. त्यांच्यातला बिल्दद तर सरळ म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल. गंमत म्हणजे देव शेवटी रागावतो तो या देवाची बाजू घेणाऱ्यांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नाही. बाबा, तुम्ही मला ‘वचनावर शंका घेऊ नये’ म्हणून गप्प करायचात (अंजिराचा हंगामच नव्हता तर प्रभूने झाडाला शाप का दिला, आठवतंय? ते अजून बाकी आहे बरं का), तर हे ईयोब ४२:७ एकदा वाचा.

तुमच्या डोळ्यावरून मला बेथसैदाचा आंधळा आठवला, मार्क ८. प्रभूने त्याला एकदा हात लावला तर त्याला माणसं झाडांसारखी चालताना दिसली, दुसऱ्यांदा हात लावल्यावर नीट दिसलं. देवाला एका झटक्यात का नाही जमलं, असं मला नेहमी वाटायचं. आता मला तो मधला माणूस आवडतो, अर्धवट दिसत असताना ‘हो, दिसतंय सगळं’ असं न म्हणणारा. रविवारी उपदेशात मी मान डोलवते तेव्हा माझं निम्मं तसंच असतं, झाडं चालताहेत. तरी जाते, गाणं म्हणते, रात्री प्रार्थना करते, कधी करता करता झोपते.

काल परत मैत्रिणीकडे गेले होते. एकटीच. तिने बाळाचे कपडे पलंगावर काढून ठेवले होते, म्हणाली हे माझ्याच्याने होत नाही. मी घड्या घालत बसले, तासभर तरी, ती शेजारी. टोपडं पिशवीत ठेवायला गेले तर तिने हातातून काढून घेतलं. मी तोंडातून ईयोबाचा ई काढला नाही.

बाबा, डोळ्यात थेंब वेळेवर घाला, आईला आठवण करायला लावू नका. आणि एक सांगा, तेव्हा ईयोब तुम्ही मुद्दाम काढलं होतंत की क्रमानेच आलं होतं?

तुमची,
मोठी