स्पीकर स्टँड: वाळू भरा, पण कोरडी

संपादक महोदय,

बुकशेल्फ स्पीकर (फळीवर मावणारे छोटे) टीव्हीच्या कपाटात कोंबले की आवाज घुमतो. स्टँड घेण्याआधी उंची मोजा, कारण ट्विटर (स्पीकरमधला उंच, बारीक स्वर देणारा छोटा भाग) कानाच्या पातळीत यायला हवा. बसल्यावर कान जमिनीपासून ९५ सेंमीवर आणि ट्विटर स्पीकरच्या तळापासून २५ सेंमीवर असेल, तर स्टँड ७० सेंमीचा हवा. स्वस्त स्टँडचा पोकळ पाइप टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो (दुकानातच मारून पाहा!), त्यात दोन-तृतीयांश वाळू भरावी. ती धुऊन कडक उन्हात वाळवलेलीच हवी, ओलसर राहिली तर पाइप आतून गंजतो. खालचा सांधा आधी टेपने बंद करा. बोल्ट एकदम आवळू नका. चारही सैल बसवून, स्टँड सपाट फरशीवर उभा करून मग समोरासमोरचे आवळा. डुगडुग बहुधा इथेच शिरते. टाइल्सवर अणकुचीदार पाय नकोत, रबरी पुरेत.

— एक वाचक, पुणे